नाकाला दोरी

वाचताना धाकटीच्या ओळी सुटायच्या, शब्द एकमेकांवर चढायचे. तपासणीत कळलं, तिचा एक डोळा राबतो आणि दुसरा नुसता शेजारी बसून असतो. मग रोज शाळेआधी व्यायाम सुरू झाला: मणी ओवलेल्या दोरीचं एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला आणि नजर मधल्या मण्यावर. दोन महिन्यांनी एकदाची ती खुशीत ओरडली, "आई, मला दोन दोऱ्या दिसतायत!"

आईने टोक स्वतःच्या नाकाला लावून खात्री केली आणि तिचा पारा चढला. "एकच तर आहे. थापा मारायला बरं जमतं गं तुला." तसंच तिने लेकीला डोळ्यांच्या थेरपीवाल्या मॅडमपुढे उभं केलं. "मॅडम, बंद करा हे. धडधडीत एक दोरी, आणि हिला दोन दिसतात."

मॅडम हसल्या. "अहो ताई, पोरीने मैदान मारलं. दोन्ही डोळे जोडीने बघायला लागले की मणी एक आणि दोऱ्या सगळ्यांना दोनच दिसतात."

"सगळ्यांना? मला तर एकच दिसली."

मॅडमनी नवा केसपेपर पुढे ओढला.



"ताई, तुमचं वय किती?"