काठ्या नसलेला गोवर्धन

देवरावाने मोरपिसाचा शेवटचा डोळा भरला, कुंचला कानावर खोचला आणि तो गुल्हाने मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला. नेरच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा गडी. देव त्याने पहिल्यांदाच काढला होता, तोही सतरा दिवस खपून, तांड्यातल्या नव्या देवळाच्या ओसरीत, अख्ख्या भिंतीवर. साठ सालचा श्रावण, उद्यावर गोकुळाष्टमी. पंचक्रोशीत चित्रातलं कळणारा माणूस एकच, म्हणून तांड्याचा नाईक फुलसिंग याने मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं. मास्तर बरं म्हणाले तर चित्र राहणार, नाहीतर भिंतीला चुना. चुन्याची बादली आधीच ओसरीत येऊन बसली होती.

बाहेर झड लागली होती. अर्धा तांडा ओसरीत दाटला होता.

मास्तरांनी छत्री मिटली, चष्मा पुसला. "निळा रंग म्हणजे आभाळ. ज्याला काठ नाही असा देव. करंगळीवर डोंगर, म्हणजे एवढं ओझंही त्याला खेळच. आणि ही कंबर वाकडी काढलीस ना, याला त्रिभंग म्हणतात. फार जुनी रीत. कुठं शिकलास?"

"कुठंच नाही जी. भिंतीले तिथं फुगवटा होता, तो चुकवला."

ओसरी खदखदून हसली. मास्तरही हसले. देवरावाचा जीव भांड्यात पडला. पण मास्तरांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"गोपांच्या काठ्या कुठं आहेत?"

"जागाच नाही उरली जी," देवराव चाचरला. "देव जरासा मोठा झाला."

"मग अर्थच गेला की! करंगळी देवाची, काठ्या माणसांच्या. तो माणसांचा वाटा. इथं देव एकटा राबतोय आणि गाव नुसतं हात जोडून उभं."

नाईकाचा चेहरा उतरला. "सणाच्या दिशी असा अर्धा देव कसा ठेवावा, देवराव? मनाले लावून घेऊ नोको." त्याने बादलीकडे पाहिलं. देवरावाला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात जमनी उठली. तांड्यातली सगळ्यात म्हातारी, पोरपणी बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख फिरलेली. नाक भिंतीला लागेपर्यंत ती पुढे गेली.

"कंबर बराबर हाय. ओझं डाव्या हातावर, मंग कंबर उजवीकडंच जाते. पण लेकराले कोणी हात नाही देऊन राह्यलं, हे मातर खरं."

आणि तिने आपली काठी नेमकी डोंगराखाली भिंतीला टेकवली. "घे बापा. जरा दम खाय."

मग भावसिंगाने गुरं हाकायची काठी लावली. सोनीबाई पावसात धावत जाऊन मुसळच घेऊन आली. शेवटी नाईकाने आपली पितळी मुठीची काठी टेकवली आणि बादली पायाने मागे सारली. आपण हसतोय की रडतोय, हे देवरावाला कळेना.

मास्तर निघाले. ते पार तांड्याबाहेरच्या चिंचेपाशी पोचल्यावर देवरावाला काठ्यांच्या रांगेत काळी छत्री दिसली.

"मास्तर! छत्री राह्यली तुमची!"

नखशिखांत भिजलेल्या मास्तरांनी मागे न बघताच हात उडवला आणि ते त्याच्याच बोलीत ओरडले,

"हात नोको लावू तिले! डोंगर कलंडन!"