नानांचं कडं

दसऱ्याच्या सकाळी केतकीने देव घासायला कढत पाणी आणि चिंच घेतली, आणि देवांबरोबर दिवंगत सासऱ्यांचं, नानांचं, कडंही त्यात टाकलं. चूक कळली ती कडं देव्हाऱ्यात परत ठेवताना. शेजारच्या होकायंत्राची सुई इतकी वर्षं कड्याकडे वळलेली असायची. आज ती निमूट उत्तरेकडे बघत होती.

अवयवदान करणाऱ्यांच्या घरी हॉस्पिटल असं कडं देतं, आणि सोबत होकायंत्र. लोह आणि सेलेनियमच्या स्फटिकाचं. शेवटी ते नानांच्या मुठीत दिलं होतं. तळहाताच्या उबेने त्यात वीज उपजली, आणि अडवणारं काहीच नसल्याने ती फिरत राहिली; कडं चुंबक होऊन बसलं. फक्त कढत पाण्यापासून जपा, त्याने ती वीज विझते, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आई, मी नानांना विझवलं हो," केतकी रडायला लागली. सासूबाई, मनोरमाबाई, कडं पदराने पुसू लागल्या.

संध्याकाळी दरवर्षीसारखा यशवंत काळगे सोनं द्यायला आला. नानांचं यकृत मिळालेला तो हाच. तो पाया पडून उठतो तोच मनोरमाबाईंनी कडं त्याच्या मुठीत दिलं.

"धर जरा घट्ट."

काही वेळाने त्यांनी कडं जागेवर ठेवलं. सुई थरथरली आणि हळूच कड्याकडे वळली.

यशवंत ओशाळला. "काकू, पण ही तर माझ्या हाताची ऊब."

"ऑपरेशनआधी तू गार पडत चालला होतास ना रे? मग ही ऊब कुणाची?"

यशवंतने हातातलं आपट्याचं पान आधी कड्यापुढे ठेवलं.