हेरंबचं विमान

“हेरंब कुठवर आला गं?” खाटेवर पडलेल्या अक्कांनी लेकीला विचारलं.

त्यांचा हेरंब फ्रँकफर्टहून निघालाच नव्हता. त्याला रजा मिळाली नव्हती. पण सकाळी डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा वैजूने भाऊ विमानात बसल्याचं आईला सांगून टाकलं. मुंबईपर्यंत साडेसहा हजार किलोमीटर, आठ तास. तेवढ्या वेळात अक्का समाधानाने जातील, असा घरच्यांचा प्रामाणिक अंदाज होता.

जावईबापूंनी मेहुण्याला तुर्कस्तानावरून आणलं, इराणवरून आणलं, समुद्रही ओलांडून दिला. विमान अगदी वेळेवर पोचलं. अक्काच गेल्या नाहीत. नाइलाजाने मुंबईवर धुकं पसरलं.

“वैशाखात धुकं?” अक्का म्हणाल्या.

“म्हणून तर पायलट गोंधळलाय,” जावईबापू म्हणाले. “वरच घिरट्या घालतोय.”

अक्कांनी वैजूचा हात धरला. “उतरवा गं त्याला आता. किती दमवाल पोराला?”

वैजूला रडू फुटलं. “अक्का, तो...”

“कळलंय मला. नंतर त्याला फोन करशील ना, तेव्हा सांग, अक्काला शुद्धच नव्हती. शेवटपर्यंत कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही तिने.”