लागल्याची वही

चौऱ्याण्णवच्या प्लेगचं साल सरलं आणि सचिन गावाकडच्या एका सरकारी गोदामात नवा हुकूम आला. कामावर कोणाला काही लागलं, तर नावानिशी वहीत नोंद करायची. "कोण येतंय सांगायला," साहेब कारकून शैलजाला म्हणाले होते. आणि आज तिच्या टेबलापुढे हमाल आणि झाडूवाल्या बायकांची झुंबड उडाली होती. कोणी पोत्याखाली चेंगरलेलं बोट नाचवत होतं, कोणी पदर सरकवून खांद्यावरचा जुना व्रण दाखवत होतं. "मनं बी लिखा ना बेन," म्हणत बायका एकमेकींना कोपराने ढकलत होत्या. शैलजाचं पेन थांबत नव्हतं. वही कधी एकदा साहेबांपुढे ठेवते, असं तिला झालं होतं.

शोभाबाईचा नंबर आला. अंगावर साधा ओरखडाही दिसेना.

"तुम्हाला काय लागलंय, शोभाबाई?"

"काहीच नाही, बेन." शोभाबाई वहीवर वाकली. "मजुरी मुकादम हातावर ठेवतो. आम्ही इथं राबतो, हे सरकारच्या कुठल्याच कागदावर नाही. तुम्ही सांगाल तिथं जखम करून घेते, पण नाव लिहा."