शनिवारचा शेकर

"आई, पेरूत पेरू मिळतो का गं?"

विचारून पल्लवीच खुदकन हसली. प्रश्न तिचा नव्हताच. वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. त्यातही एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून रोज बसने येणारी तृप्ती तर हात धुऊन मागे लागली होती. "विचारच तू. आणि काकू काय म्हणतात ते मला सांग."

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ओट्यावर उभा केला होता.  पडद्यावरची आई वाकली आणि तिने पेरूची एक फोड कॅमेऱ्यासमोर धरली. आतून गुलाबी, वरून तिखटमीठ.

"मिळतो की! हा काय."

"आणि तिखटमीठपण मिळतं?"

"ते आणलंय बरोबर." आई हसली. "चला, आज आपण पेरूच घालू. दिनेश, अंडं फोडलंस का?"

"फोडतोय," बाबा म्हणाले. पिवळा बलक पांढऱ्यात सांडू नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.

आई जूनपासून पेरू देशात होती. निफाडच्या ज्या द्राक्ष कंपनीत ती नोकरीला होती, त्या कंपनीने तिला एका हंगामासाठी तिकडच्या बागांवर पाठवलं होतं. तिकडे द्राक्षांची ब्रँडी काढतात, पिस्को म्हणतात तिला. त्यात लिंबू, साखरेचा पाक, अंड्यातलं पांढरं, बर्फ आणि हवं ते फळ घालून घुसळायचं. आईने हे एकदा सहज सांगितलं आणि पल्लवीने लावून धरलं. आपणही करायचं! खरी पिस्को काही मिळेना, तेव्हा बाबा इथलीच द्राक्षांची ब्रँडी घेऊन आले. पल्लवीचा ग्लास अर्थात बिनब्रँडीचा. आईही नुसतंच लिंबूपाणी घ्यायची, कारण तिकडे तेव्हा सकाळ असायची आणि तिला बागेत जायचं असायचं.

अननस जमला. अंजीर बरं झालं. सीताफळाने मात्र बाबांचा जीव घेतला. बिया काढता काढता त्यांना पिण्याची इच्छाच उरली नाही.

पण पल्लवीला त्या ग्लासशी काही देणंघेणं नव्हतं. एरवी आईबाबा एकमेकांशी बोलतच नसत. वेळा जुळत नाहीत, असं बाबा म्हणायचे. शनिवारी मात्र बोलायचे. पाक किती, लिंबू किती, यावरून का होईना, पण बोलायचे. तेवढा अर्धा तास उपनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये पुन्हा तिघं असायची. तो अर्धा तास मोडू नये म्हणून पल्लवी जिवाचं रान करायची. दोन वर्षांपूर्वी वर्गात हात वर करायलाही घाबरणारी ही मुलगी. यंदा तिने वक्तृत्वाची ढाल आणली होती आणि आता तिचं तोंड आवरणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं.

"आधी पाक, मग लिंबू," आई खाली बघत म्हणाली.

"मागच्या वेळी तू उलटं सांगितलं होतंस," बाबा म्हणाले.

"मग कर तुझ्या मनाने. नाहीतरी तेच करतोस तू."

बाबांनी हातातलं लिंबू खाली ठेवलं.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा! कलाकार येतोय!" पल्लवीने बाबांचा जिमचा शेकर उचलला आणि डोक्यावर नेऊन असा काही हलवला की झाकण उडालं. पेरूचा गर थेट बाबांच्या चष्म्यावर.

आई खळखळून हसली. हसता हसता तिला ठसका लागला. तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढली आणि समोरच्या टेबलावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "रोज पुसते, तरी हे असं. इथली धूळ म्हणजे ना!"

जानेवारी संपत आला होता. पल्लवीने त्या शालीकडे पाहिलं. मग ओट्याच्या कडेला दक्षिण गोलार्धातल्या ऋतूंच्या पानावर उघडं पडलेलं भूगोलाचं पुस्तक हळूच मिटून ठेवलं.

"थंडी आहे का?" चष्मा पुसत बाबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"आहे थोडी."

"मफलर नाही नेलास?"

"राहिला."

"वरच्या खणात आहे. तिथेच ठेवलाय मी."

 बाबांनी ग्लासात फेस ओतला. एक घोट घेतला. 

"आई, माझी परीक्षा झाली की येशील ना?"

"हंगाम लांबलाय गं, पल्लू." आई पुन्हा खाली बघायला लागली. "तुझी दहावी होऊ दे नीट. मग बोलू आपण सगळे."

"हो, मग बोलू," बाबा म्हणाले आणि स्वच्छ असलेलाच चमचा पुन्हा धुवायला लागले.

पल्लवीने आपला ग्लास संपवला. ओठांवरचा फेस मनगटाने पुसला. स्पर्धेत बोलायला उभी राहायची तशी सरळ उभी राहिली.

"मी एक ठरवलंय. मधे बोलायचं नाही. हे शनिवारचं फोनवरचं आता बंद."

"अगं, का?" दोघंही एकदमच म्हणाले. कितीतरी दिवसांनी दोघं एकच वाक्य बोलले होते.

"दहावीची काळजी करू नका. अभ्यास चाललाय माझा, तुम्ही दोघं समजता त्यापेक्षा बरा." तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरला. "पुढच्या शनिवारी मी मफलर आणि शेकर घेऊन आईकडे जाणार. बाबा, यायचं तर या, नाहीतर नुसतं स्टॉपपर्यंत सोडा. आई, तृप्तीच्या कॉलनीच्या गेटवर तो पेरूवाला बसतो ना, त्याच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये शिरताना तिने तुला पाहिलंय. एकलहऱ्याला बस जाते."