दोन हात अंतर

घसरगुंडीच्या शिडीवरून सृष्टीचा पाय सटकला आणि ती तोंडावर आपटली. शेखर धावत पोचला तेव्हा तिच्या भुवईतून निघालेलं रक्त गालावर उतरलं होतं.

सवयीने त्याने दोन्ही हात पुढे केले. तिनेही केले, पण मध्येच ते मागे ओढले आणि बसल्या बसल्या सरकत ती भिंतीला जाऊन टेकली.

"सर, हात नाही लावायचा," ती हुंदके देत म्हणाली. "मम्मीने सांगितलंय."

शेखर जागीच थांबला.

गंगापूर रोडवरच्या त्या बालवाडीत तो एकटाच पुरुष शिक्षक. मागच्या आठवड्यात पालकांच्या बैठकीत सृष्टीच्या आईनेच, शुभांगीने, विषय काढला होता. तक्रार काहीच नाही, सर चांगलेच आहेत. पण हल्ली काय काय कानावर येतं, तेव्हा सरांनी मुलांना उचलणं, मांडीवर घेणं बंद केलेलं बरं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग मुख्याध्यापिका मीना मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की मनाला लावून घेऊ नका, नुसती खबरदारी आहे. तो 'बरं' म्हणाला होता. त्या 'बरं'ची त्याला आता चीड आली.

त्याने सविता मावशींना हाक मारली. त्या मुलांना रिक्षात बसवायला फाटकाबाहेर गेल्या होत्या. मॅडमना हाक मारली. केबिनचं दार बंद, आत कुणी पालक प्रवेशाची चौकशी करत बसलेले. तो एक पाऊल पुढे सरकला, तशी सृष्टी किंचाळली.

"बरं, नाही लावत," म्हणत तो दोन हात अंतरावर खाली बसला. खिशातला रुमाल तिच्याकडे सरकवला, कुठे दाबायचं ते स्वतःच्या भुवईवर दाखवलं. तिने रुमाल गालावरच धरला. रक्त बोटांमधून फ्रॉकवर ठिबकत राहिलं. तो रुमाल चार बोटं वर सरकवायचा, एवढंच तर काम होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाला धरून रडणाऱ्या ह्याच पोरीला कडेवर घेऊन त्याने अख्खी शाळा दाखवली होती.

तेवढ्यात फाटकातून शुभांगी आली. लेक दिसताच हातातली पिशवी टाकून धावली. तिला उचललं, रुमाल जखमेवर दाबला आणि मग शेखरकडे बघितलं.

"तुम्ही इथेच होतात? एवढं रक्त वाहतंय आणि तुम्ही नुसते बघत बसलात? माणूस आहात की कोण?"

शेखर उठला. आजवर त्याने कुठल्याही पालकापुढे आवाज चढवला नव्हता.

"माणूस नाही मॅडम, पुरुष. तुम्हीच ठरवलंत ना बैठकीत?"

शुभांगी काही बोलणार, एवढ्यात सृष्टीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मम्मी, मी सरांना हातच लावू दिला नाही," ती म्हणाली, आणि शाबासकीची वाट बघत राहिली.

शुभांगीने तिचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. शेखरकडे पुन्हा न बघता ती तशीच दवाखान्याकडे निघाली.

वाळूत खेळणारा समर्थ रक्त बघून घाबरला होता. तो पळत आला आणि त्याने शेखरच्या पायाला घट्ट मिठी मारली.

शेखर वाकला. त्याने समर्थचं एक एक बोट सोडवलं.

"मावशी येतीलच आता," तो म्हणाला. "त्यांच्याकडे जा."