शेजारचं चॅनेल

टेबलावरच्या मॉनिटरचा पडदा पुन्हा कोरा झाला, तशी मनस्वी सिस्टर खुर्ची ढकलून वॉर्डाकडे धावली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नाडी घसरत होती. उशाजवळचं मशीन ओरडत होतं, पण त्याची खबर टेबलापर्यंत पोचलीच नव्हती.

"आज वाचला," परत येऊन ती निकेशला म्हणाली. "उद्याचं काय?"

रोह्यातल्या या छोट्या हॉस्पिटलचं वायफाय निकेशनेच बसवलेलं. तो पेणहून आला होता. वायफायच्या कोणत्या डब्याने कोणतं चॅनेल धरायचं हे ठरवणारा कंट्रोलर त्याने उघडला. बाहेरून जोरदार सिग्नल घुसत होता. तो आला की कंट्रोलर सगळ्यांची चॅनेल बदलायचा, आणि दर बदलाला मशिनींचा संपर्क तुटायचा.

सिग्नल मागच्या घरातला निघाला. तिथे गिरजाबाई एकटी राहायची. फोनवर आईचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिच्या लेकीने, अनिताने, दांडगा राऊटर आणून दिला होता.

"काढून नेतोस काय रं?" गिरजाबाईने विचारलं.

"नाय मावशी. जरा बाजूला सरकवतो."

त्याने तिचा राऊटर पहिल्या चॅनेलवर बांधला, जोर कमी केला. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीचे डबे अकराव्यावर पक्के केले. थोड्याशा खरखरीने चॅनेल बदलायचं नाही, असं कंट्रोलरला बजावलं. तोवर तिने चहा टाकला. सुकट निवडता निवडता तिने विचारलं,

"घरी कोण कोण हाय?"

"कोण नाय. आई होती, गागोद्याला."

तिने चहाबरोबर चार बटर ठेवले.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात उभा.

"मावशी, तुमचं चॅनेल परत दिसतंय. बघून घेतो."

ओटीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला. चहा झाला, गप्पा झाल्या, पेणची गाडी गाठायला तो निघाला. मग दर शनिवारी तेच. भातकापणी झाली, दिवाळी गेली, वालाला शेंगा धरल्या.

एकदा फाटकाशी मनस्वी भेटली. "परत मावशींकडेच?"

"राऊटर पुन्हा आडवा येतोय."

"एकटी असते ना बिचारी. मुद्दाम बटणं दाबत असेल, कोणीतरी यावं म्हणून."

"असेल," निकेश म्हणाला.

त्या दिवशी ओटीवर टेकत तो म्हणाला, "मावशी, आज जास्तच गडबड दिसतेय तुमच्या राऊटरची. वेळ लागंल."

"लागू दे की."

गिरजाबाईने वालाच्या उकडलेल्या शेंगांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि शेजारी बसली.

"तो डबा दिवालीलाच अनिता पनवेलला घेऊन गेली, तिचा बिघडला म्हणून," ती म्हणाली. "तू खा निवांत."